८३ टक्के गुंतले, पण शिकले किती? विज्ञानाच्या तासावरचे दोन निबंध वाचताना

विज्ञान शिक्षणात संशोधन करायचं ठरवलेल्या मुलामुलींचे सिनॉप्सिस वाचायला येतात तेव्हा एक शीर्षक थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा भेटतं: ‘बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांसाठी पारंपरिक व्याख्यान पद्धती व सक्रिय अध्ययन पद्धती यांच्या परिणामकारकतेचा तुलनात्मक अभ्यास.’ आतला आराखडाही ठरलेला असतो. दोन तुकड्या घ्यायच्या, पूर्वचाचणी घ्यायची, एका तुकडीला पंधरा-वीस दिवस नव्या पद्धतीने शिकवायचं, उत्तरचाचणी घ्यायची, टी-टेस्ट लावायची आणि शून्य परिकल्पनेचा त्याग करायचा. निष्कर्ष काय येणार हे शीर्षक टाइप करतानाच माहीत असतं. नवी पद्धत जिंकणार आणि व्याख्यान हरणार.

गंमत अशी की हा निष्कर्ष चुकीचा आहे असं नाही. जगभरचा पुरावा बऱ्यापैकी त्याच बाजूला झुकतो. पण निष्कर्ष बरोबर असणं आणि तो सिद्ध करणारा अभ्यास बरोबर असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पेटची तयारी करणाऱ्यांनी आणि गाइड शोधत फिरणाऱ्यांनी हा फरक आधी शिकावा. म्हणून या वेळी दोन निबंध वाचू, एक मुंबईतला आणि एक हार्वर्डचा. मग ते आपल्या वाशीत, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातल्या वाशीत (नवी मुंबईतल्या नव्हे), आणून बघू की त्यातलं काय टिकतं.

निबंध पहिला: पवईचा वर्ग

आय.आय.टी. मुंबईच्या अदिती कोठियाल, ऋतजित मजुमदार, सहाना मूर्ती आणि श्रीधर अय्यर यांनी २०१३ मध्ये संगणक शिक्षणाच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत निबंध मांडला. विषय होता संगणक प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम. वर्ग मोठा, सभागृहात भरणारा. पद्धत होती ‘थिंक-पेअर-शेअर’. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये मांडलेली ही साधी रीत आहे. शिक्षक प्रश्न देतो. आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग सगळ्या वर्गात चर्चा. क्लिकर लागत नाही, ॲप लागत नाही.

या संशोधकांनी दहा आठवड्यांत असे तेरा उपक्रम पाहिले. वर्गात प्रत्यक्ष बसून, आधी तयार करून तपासून घेतलेल्या निरीक्षण पद्धतीने, विद्यार्थी काय करत आहेत याच्या नोंदी केल्या. लिहितोय का, शेजाऱ्याशी बोलतोय का, समोरची चर्चा ऐकतोय का, की खिडकीबाहेर बघतोय. शिवाय विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेऊन ती नोंदींशी ताडून पाहिली. निष्कर्ष शीर्षकातच आहे: सरासरी ८३ टक्के विद्यार्थी पूर्णपणे किंवा बहुतांशी गुंतलेले.

आता वाचक म्हणून आपलं काम सुरू होतं. हा आकडा कोणी सेमिनारमध्ये स्लाइडवर टाकला तर तुम्ही कोणते प्रश्न विचाराल?

पहिला प्रश्न: ८३ टक्के कशाच्या तुलनेत? त्याच वर्गात नेहमीच्या व्याख्यानाच्या वेळी किती जण गुंतलेले असतात, हे शेजारी ठेवल्याशिवाय ८३ हा आकडा मोठा की लहान हे ठरत नाही. तो आपल्याला मोठा वाटतो, कारण आपल्या मनातला व्याख्यानाचा आकडा लहान असतो. पण तो आपल्या मनातला आहे, मोजलेला नाही.

दुसरा प्रश्न: गुंतलेले म्हणजे काय? आपण मराठीत ‘सहभाग’ म्हणतो आणि तो शब्द फसवा आहे. सहभाग म्हटलं की हात वर करणं, फळ्याकडे जाणं, बोलणं डोळ्यासमोर येतं. संशोधनात निदान तीन थर वेगळे धरतात. वागण्यातला सहभाग, म्हणजे वहीत लिहिणं, बोलणं. मनातला सहभाग, म्हणजे विषयाची ओढ वाटणं किंवा कंटाळा येणं. आणि विचारातला सहभाग, म्हणजे डोक्यात खरोखर काहीतरी उलथापालथ होणं. वर्गात बसून निरीक्षण करणाऱ्याला पहिला थर दिसतो. दुसऱ्याचा अंदाज येतो. तिसरा दिसतच नाही. वहीत मान घालून लिहिणारा मुलगा कोड सोडवत असेल किंवा शेजारणीचं उतरवून घेत असेल, निरीक्षकाच्या तक्त्यात दोघांना एकच खूण मिळते.

तिसरा प्रश्न: विद्यार्थी कोण? जेईईच्या चाळणीतून आलेली ही मुलं. त्यांना प्रश्न दिला की ती सोडवायला बसतात, ही सवय त्यांना पवईच्या वर्गाने नव्हे, त्याआधीच्या दोन-चार वर्षांनी लावलेली असते.

हे सगळं लिहून झाल्यावर एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवायला हवी. या संशोधकांनी निबंधात जेवढं मोजलं तेवढ्याचाच दावा केला आहे. त्यांनी ‘गुंतले’ म्हटलं, ‘शिकले’ म्हटलं नाही. आणि त्यांच्यातल्याच तिघांनी पुढच्या वर्षी, २०१४ मध्ये, दुसरा निबंध लिहिला. त्याच्या शीर्षकातच प्रश्न आहे की अशा वर्गात खरोखर शिकणं घडतं का. आधी सहभाग नीट मोजायचा, मग तो शिकण्याशी जोडता येतो का हे स्वतंत्र अभ्यासात तपासायचं. हे दोन निबंध लागोपाठ वाचा. एका प्रश्नातून दुसरा प्रश्न कसा काढायचा याचा इतका जवळचा नमुना सहज मिळत नाही. ‘८३ टक्के’ एवढंच उचलून, ‘यावरून सक्रिय अध्ययनाची परिणामकारकता सिद्ध होते’ असं संदर्भ साहित्याच्या प्रकरणात लिहिणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. तिथे परिणामकारकता मोजलेलीच नाही.

निबंध दुसरा: हार्वर्डचा उलटा निकाल

लुई डेलॉरिए आणि सहकाऱ्यांचा २०१९ चा निबंध अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात आला. हार्वर्डच्या पदार्थविज्ञानाच्या प्राथमिक अभ्यासक्रमातले १४९ विद्यार्थी. आराखडा मुद्दाम सावकाश वाचा, कारण या निबंधाची खरी ताकद आराखड्यात आहे.

विद्यार्थ्यांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, यादृच्छिकपणे, दोन गट केले. दोनच तास निवडले, एक स्थितिकीचा आणि एक द्रायूंचा. पहिल्या तासाला एका गटाला उत्तम व्याख्यान, दुसऱ्या गटाला सक्रिय पद्धत. दुसऱ्या तासाला अदलाबदल. दोन्ही गटांच्या हातात छापील साहित्य तेच, उदाहरणं तीच. फरक एवढाच की व्याख्यानाच्या गटाला शिक्षक उदाहरणं सोडवून दाखवायचे, आणि दुसऱ्या गटातल्या मुलांना आधी छोट्या गटांत स्वतः झगडायला लावून मग उत्तर समजावून सांगायचे. तास संपताच दोन गोष्टी मोजल्या: ‘मला किती शिकल्यासारखं वाटतंय’ याची छोटी प्रश्नावली आणि बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी.

निकाल दोन दिशांना गेले. चाचणीत सक्रिय गट सुमारे अर्ध्या प्रमाणित विचलनाने पुढे. ‘शिकल्यासारखं वाटणं’ यात मात्र तोच गट तेवढ्याच अंतराने मागे. म्हणजे जे जास्त शिकले त्यांना आपण कमी शिकलो असं वाटलं, आणि जे कमी शिकले ते खूश होऊन वर्गाबाहेर पडले.

कारण समजायला अवघड नाही. चांगला वक्ता उदाहरण सोडवत असतो तेव्हा प्रत्येक पायरी आपल्यालाच सुचल्यासारखी वाटते. ओघ असतो, अडखळ नसते, आणि ती सहजता आपण आकलन समजतो. स्वतः सोडवायला बसलं की दुसऱ्याच ओळीला गाडी अडते. ते अडणं म्हणजेच शिकणं असलं तरी त्या क्षणी ते अपयशासारखं वाटतं. आपल्याकडे ‘सर लई भारी शिकवतात’ ही जी पावती असते, तिच्यात किती भाग आकलनाचा आणि किती भाग ओघाचा, हा प्रश्न हा निबंध वाचल्यावर पाठ सोडत नाही.

आराखड्याचं कौतुक केलं, आता मर्यादा. एक: दोनच तास. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तसं नवलाईचा परिणाम इथे असू शकतो, मग तो चांगल्या बाजूचा असो की वाईट बाजूचा. दोन: चाचणी तासानंतर लगेच. महिन्याभराने दोन्ही गटांत किती फरक उरला, हे या दोन तासांच्या चाचण्या सांगत नाहीत. तीन, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची: यात व्याख्यान हरलेलंच नाही. सक्रिय गटालाही शेवटी शिक्षकांनी समजावून सांगितलंच होतं. फरक क्रमाचा आहे. एका गटाने आधी ऐकलं, दुसऱ्याने आधी धडपड केली आणि मग ऐकलं. डॅनियल श्वार्ट्झ आणि जॉन ब्रॅन्सफर्ड यांनी १९९८ मध्येच सांगण्याचीही एक योग्य वेळ असते, हा मुद्दा मांडला होता. आधी प्रश्नाशी झटापट झालेली असली की सांगितलेलं रुजतं. म्हणून ‘व्याख्यान विरुद्ध सक्रिय अध्ययन’ हे शीर्षक मुळातच लंगडं आहे. ‘व्याख्यान कधी?’ हा जास्त चांगला प्रश्न आहे.

मोठा आकडा, आणि त्याखालची बारीक अक्षरं

या क्षेत्रात कोणताही प्रस्ताव लिहिताना एक निबंध टाळता येत नाही: स्कॉट फ्रीमन आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं महाविश्लेषण. विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे २२५ अभ्यास त्यांनी एकत्र केले. परीक्षेतल्या गुणांत सक्रिय अध्ययनाचा फायदा सरासरी ०.४७ प्रमाणित विचलन. नापासांचं प्रमाण व्याख्यानाच्या वर्गांत ३३.८ टक्के आणि सक्रिय वर्गांत २१.८ टक्के.

०.४७ म्हणजे नेमकं किती? व्याख्यानाच्या वर्गात शंभर मुलं गुणांनुसार ओळीत उभी करा. सक्रिय वर्गातला सर्वसाधारण, मधला विद्यार्थी त्या ओळीत आणून उभा केला तर तो खालून पन्नासाव्या नव्हे, साधारण अडुसष्टाव्या जागी जाईल. ढ मुलाचा हुशार होत नाही, पण काठावरचा पार होतो. नापासांच्या आकड्यात तेच दिसतं: शंभरातले बारा. ज्या घरातलं पहिलंच पोरगं बी.एस्सी.ला गेलेलं असतं, त्या घरासाठी हे बारा म्हणजे नुसती आकडेवारी नसते.

आता बारीक अक्षरं. यातले अभ्यास मुख्यतः अमेरिकेतले. ‘सक्रिय’ या एका छत्रीखाली अधूनमधून प्रश्न विचारण्यापासून ते अख्खा तास गटकामात घालवण्यापर्यंत सगळं आलेलं. आणि समोरचं ‘व्याख्यान’ म्हणजे काय, हेही अनेकदा स्पष्ट नसलेलं. मॅथ्यू होरा यांनी त्याच वर्षी त्याच नियतकालिकाला पत्र लिहून नेमकं यावर बोट ठेवलं. व्याख्यान ही काही एकच एक गोष्ट नाही. फळ्यावर सिद्धता उलगडत जाणारा, मध्येच थांबून ‘आता पुढे काय होईल?’ विचारणारा शिक्षकही व्याख्यानच देतो, आणि पिवळी पडलेली वही वाचून दाखवणाराही व्याख्यानच देतो. दोघांना एका रकान्यात टाकलं तर सरासरी कुणाचीच राहत नाही.

त्याहून बोचरा एक निबंध आहे, टेसा अँड्र्यूज आणि सहकाऱ्यांचा, २०११ चा. सक्रिय अध्ययनावरचे बहुतेक अभ्यास त्या पद्धतीचे जाणकार स्वतःच्या वर्गात करतात. अँड्र्यूज यांनी उलट केलं. अमेरिकेतले जीवशास्त्राचे प्राथमिक अभ्यासक्रम यादृच्छिकपणे निवडले, आणि सर्वसाधारण प्राध्यापक सक्रिय पद्धती किती वापरतात व विद्यार्थी नैसर्गिक निवडीबद्दल किती शिकतात, यांचा संबंध पाहिला. संबंध सापडला नाही. याचा अर्थ पद्धत खोटी असा नाही. मुलांना गटात बसवणं म्हणजे पद्धत नव्हे, एवढाच. कोणता प्रश्न द्यायचा, मुलं कुठे चुकणार आहेत, चुकल्यावर काय बोलायचं हे माहीत नसेल तर गटकाम म्हणजे नुसता गलका होतो.

फ्रीमन आणि अँड्र्यूज हे दोन्ही निबंध एकाच परिच्छेदात, शेजारी शेजारी ठेवून लिहिता येणं, ही संदर्भ साहित्याच्या प्रकरणाची खरी कसोटी. फक्त आपल्या बाजूचे निबंध गोळा केले तर ती नुसती यादी होते.

जाता जाता एक इशारा. ‘वाचलेलं १० टक्के, ऐकलेलं २० टक्के, करून पाहिलेलं ९० टक्के लक्षात राहतं’ असा एक पिरॅमिड शिक्षकांच्या कार्यशाळांत हमखास दाखवतात, आणि खाली एडगर डेल यांचं नाव असतं. डेल यांनी १९४६ च्या पुस्तकात अनुभवांचा शंकू काढला होता हे खरं. पण त्या शंकूत एकही टक्केवारी नव्हती. आकडे नंतर कुणीतरी चिकटवले. हा पिरॅमिड तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असेल तर आजच काढून टाका. व्हायव्हाला बाहेरून आलेल्या परीक्षकाने मूळ पुस्तक बघितलेलं असलं तर तिथेच थांबावं लागेल.

वाशीत आणून बघू

आता हे सगळं आपल्या भागात आणू. वाशी हे तालुक्याचं गाव. आजूबाजूच्या खेड्यांतून पोरं-पोरी एसटीने, मोटारसायकलवर येतात. सोयाबीनची काढणी लागली की वर्गातली गर्दी ओसरते. दहावीपर्यंत बहुतेकांचं विज्ञान मराठीत किंवा सेमी-इंग्रजीत झालेलं, आणि अकरावीपासून पुस्तक, प्रश्नपत्रिका सगळं इंग्रजीत. ग्रामीण महाविद्यालयांत शिकवणाऱ्यांपैकी बरेच जण तासिका तत्त्वावर, ज्यांची पुढच्या वर्षीची नेमणूक पुढच्या वर्षीच कळते.

या परिस्थितीत वर दिलेल्या निबंधांतल्या तीन गोष्टी वेगळ्या दिसायला लागतात.

पहिली, हजेरी. सहभाग मोजताना छेदस्थानी कोण आहे? वर्गात आलेले की पटावरचे? पटावर साठ आणि वर्गात बावीस असतील, आणि त्या बावीसपैकी अठरा गुंतलेले असतील, तर सहभाग ८२ टक्के की ३० टक्के? दोन्ही आकडे खरे आहेत आणि दोन्हींची गोष्ट वेगळी आहे. पवईत किंवा हार्वर्डमध्ये हा प्रश्न असा अंगावर येत नाही. आपल्याकडे तोच पहिला प्रश्न आहे. आणि त्यात एक सापळाही आहे. नव्या पद्धतीच्या दिवसांत फक्त उत्साही मुलं येत राहिली आणि उत्तरचाचणीला तीच बसली, तर तुमचा प्रायोगिक गट आपोआप हुशार होतो. पद्धतीने काहीच केलेलं नसतं.

दुसरी, वर्गाचा आकार. फ्रीमन यांच्या विश्लेषणात सक्रिय अध्ययनाचा फायदा सगळ्या आकाराच्या वर्गांत दिसला, पण सर्वात जास्त पन्नास किंवा त्याहून कमी विद्यार्थ्यांच्या वर्गांत. आपण लहान महाविद्यालयातले म्हणून कमी, असं समजायची सवय लागलेली असते. इथे लहान वर्ग हीच जमेची बाजू आहे. तीस जणांच्या वर्गात शिक्षक प्रत्येक बाकापर्यंत जाऊ शकतो. तीनशेच्या सभागृहात ते होत नाही.

तिसरी, भाषा. आणि माझ्या मते संशोधनाची सगळ्यात सुपीक जमीन इथे आहे. एक प्रश्न घ्या. विहिरीतून भरलेली बादली रहाटाने एकसारख्या वेगाने वर येते आहे. दोरीतला ताण बादलीच्या वजनापेक्षा जास्त, कमी की तितकाच? अनेकांचं पहिलं उत्तर ‘जास्त’ असतं, कारण ‘जास्त असल्याशिवाय वर कशी येईल?’ वेग बदलत नसेल तर निव्वळ बल शून्य, म्हणून ताण वजनाइतकाच, हे न्यूटनचे नियम घडाघडा म्हणून दाखवणाऱ्यालाही इथे सुचत नाही. जास्त ताण लागतो तो फक्त सुरुवातीला, बादली थांबलेली असताना तिला वेग देण्यापुरता.

हा प्रश्न देऊन मुलांना जोडीत बोलायला सांगितलं की ती कोणत्या भाषेत बोलतात? उघड आहे, मराठीत, आणि तीही घरच्या मराठीत. ‘अगं, पण वड लागती ना जास्त!’ या वाक्यात त्या मुलीची बलाबद्दलची अख्खी समजूत उघडी पडते. इंग्रजीत उत्तर मागितलं असतं तर तिने पाठ केलेला नियम म्हटला असता आणि समजूत आत दडून राहिली असती. पेअरचा टप्पा ही आपल्या वर्गांत कदाचित पहिली वेळ असेल, जेव्हा विज्ञानाचा विचार आणि बोलण्याची भाषा एका जागी येतात. मग पुढचा प्रश्न: मराठीत झालेलं हे आकलन इंग्रजी प्रश्नपत्रिकेत उतरतं का? की मध्ये गळती होते? वर घेतलेल्या निबंधांचा हा विषय नव्हता. तो तुमचा असू शकतो. आणि त्यासाठी लाखोंची उपकरणं लागत नाहीत. चार चांगले प्रश्न, उत्तरासाठी अ-ब-क-ड लिहिलेले पुठ्ठ्याचे तुकडे आणि परवानगी घेऊन केलेलं ध्वनिमुद्रण पुरतं.

तीस-तीसच्या दोन तुकड्या: थोडं गणित

इथे एक कडू हिशोब करू, कारण सिनॉप्सिस इथेच फसतात. समजा खरा परिणाम फ्रीमन यांच्या सरासरीइतका, ०.४७ आहे. तो ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल तर नेहमीच्या दोन-गट आराखड्यात प्रत्येक गटात साधारण ७० ते ७२ विद्यार्थी लागतात. तीस-तीसच्या दोन तुकड्या घेतल्या तर ही शक्यता निम्म्याहूनही खाली येते. म्हणजे परिणाम खरोखर असूनही तुमचा अभ्यास ‘फरक नाही’ म्हणण्याची शक्यता जास्त.

त्यात आणखी एक गोम. अ तुकडीला नवी पद्धत, ब तुकडीला व्याख्यान दिलं, तर तुमच्याकडे साठ विद्यार्थी दिसतात, पण पद्धत दिली गेली फक्त दोन वर्गांना. अ तुकडीचा तास सकाळी आणि ब तुकडीचा दुपारी, घरी जायच्या एसटीच्या आधी असेल, तर फरक पद्धतीचा की वेळेचा? दोन वेगळे शिक्षक असतील तर फरक पद्धतीचा की माणसाचा? आणि एकच शिक्षक, तोही संशोधक स्वतः, असेल तर व्याख्यान तो तेवढ्याच जीव ओतून देईल का? टी-टेस्टला यातलं काहीच कळत नाही.

यावर हार्वर्डचा आराखडा उपयोगी पडतो. अदलाबदल. प्रत्येक विद्यार्थी एकदा या पद्धतीने, एकदा त्या पद्धतीने शिकतो. मुलांमुलांतला फरक बऱ्याच अंशी वजा होतो आणि कमी संख्येतही काहीतरी ठाम म्हणता येतं. शिवाय कोणत्याच तुकडीवर ‘तुम्हाला जुनीच पद्धत’ असा अन्याय होत नाही. चाचणी दुसऱ्या कुणाकडून काढून घ्या, शिकवणाऱ्याला आधी दाखवू नका, आणि एक चाचणी तीन-चार आठवड्यांनी पुन्हा घ्या. एवढ्याने अभ्यासाची प्रत बदलते.

अभिप्राय फॉर्मचं काय करायचं

शेवटचा मुद्दा संशोधनाबाहेरचा वाटेल, पण हार्वर्डचा निबंध वाचून तो सोडता येत नाही. महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे अभिप्राय गोळा केले जातात. नॅकच्या मूल्यांकनात विद्यार्थी-समाधान सर्वेक्षण असतं, आणि विद्यार्थिकेंद्री पद्धती वापरता का हेही विचारलेलं असतं. दोन्ही कागदावर शेजारी शेजारी नांदतात. पण या निबंधाने दाखवलं ते खरं धरलं तर दोन्हींत ओढाताण आहे. जो शिक्षक मुलांना खरंच झगडायला लावेल, त्याच्या तासानंतर ‘कमी शिकलो’ असं वाटण्याची शक्यता जास्त. कायम नोकरीतला प्राध्यापक हे सोसेल. तासिका तत्त्वावरची, दरवर्षी मुलाखतीला उभी राहणारी बाई किंवा बुवा कशाला जोखीम घेईल? ती छान नोट्स लिहून देईल, मुलं खूश, फॉर्म चांगला, नेमणूक पुढे.

यावर त्याच निबंधात एक व्यवहारी उपाय आहे. सत्राच्या सुरुवातीलाच मुलांना मोकळेपणाने सांगायचं, की असं वाटणार आहे, का वाटतं ते हे आकडे, आणि वाटण्यावर जाऊ नका. असं केल्यावर सत्राअखेरीस अनेक विद्यार्थ्यांची पद्धतीबद्दलची भावना सुधारल्याचं त्यांनी नोंदवलं आहे. हे आपल्याकडे चालतं का, हे तपासणं हाही एक छोटा, नेटका, एम.एस्सी. किंवा एम.एड. च्या पातळीवर करता येण्यासारखा अभ्यास आहे.

तर, या विषयावर प्रस्ताव लिहिणार असाल, तर लिहायला बसण्याआधी पाच ओळींची उत्तरं वेगळ्या कागदावर लिहून काढा. माझ्या अभ्यासात ‘व्याख्यान’ म्हणजे नेमकं काय होणार आहे, मिनिटांच्या हिशोबात? ‘सहभाग’ मी कोणत्या थराचा मोजणार, आणि छेदस्थानी कोण? शिकणं मी वाटण्यावरून मोजतोय की चाचणीवरून? फरक पडला तर तो पद्धतीचाच, असं म्हणायला माझ्याकडे काय आहे? आणि निकाल उलटा आला, व्याख्यान बरं ठरलं, तर मी तो छापणार का?

पाचव्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल तर शीर्षक बदला. बाकी चारांवर गाइडशी बसून बोलता येतं.